पिंपाच्या पाण्यावर चालणारं ठिबक: गच्ची आणि बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी

कुंड्यांना ठिबक बसवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. तरी पुष्कळ ठिकाणी ते महिनाभरात बंद पडतं आणि हातात पुन्हा झारी येते. दोष सहसा सामानाचा नसतो. शेतातलं ठिबक पंपाच्या दाबावर चालतं, पिंपाचं ठिबक फक्त उंचीवर चालतं, आणि हा फरक मांडणी करताना विसरला जातो. पाण्याची पातळी कुठे, कुंडीतला ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी छोटी तोंडी) कुठे आणि मध्ये किती सेंटिमीटरचं अंतर, यावर कुठल्या झाडाला किती पाणी मिळणार ते ठरतं. म्हणून नळी विकत आणण्याआधी टेप घेऊन उंच्या मोजायच्या.

उंचीचं गणित

10 मीटर उंचीचं पाणी साधारण 1 बार (बार हे दाबाचं एकक) दाब देतं. म्हणजे 1 मीटरला 0.1 बार. बाजारातल्या ड्रिपरवर ‘4 लिटर प्रति तास’ लिहिलेलं असतं ते 1 बार दाबाला. दाब कमी झाला की प्रवाह त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे 0.1 बारला तोच ड्रिपर तासाला सव्वा लिटरच्या आसपास देतो.

आता 200 लिटरचं पिंप 1 मीटर उंच स्टँडवर आहे आणि कुंडीतला ड्रिपर जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर आहे असं धरू. पिंप भरलेलं असताना पाण्याची पातळी जमिनीपासून साधारण 185 सेंटिमीटरवर, म्हणजे ड्रिपरच्या वर 155 सेंटिमीटर असते. तेव्हा 4 लिटरचा ड्रिपर तासाला 1.6 लिटर देईल. पिंप अर्धं झालं की 1.3, आणि तळाला आलं की जेमतेम 1.1. पिंप भरलेलं असताना 40 मिनिटांत जेवढं पाणी पडतं, तेवढं रिकामं होत आल्यावर पडत नाही. हिशोब नेहमी अर्ध्या पिंपाचा धरावा आणि पाणी अर्ध्याखाली गेलं की भरून घ्यावं.

आता तीन पायऱ्यांचा कुंडीस्टँड बघा. वरच्या पायरीवरच्या कुंडीत ड्रिपर जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर जातो. पिंप अर्धं असताना खालच्या कुंडीला 1.3 लिटर मिळतं, वरचीला 0.9. पिंप तळाला आलं की वरच्या कुंडीच्या वाट्याला 15 सेंटिमीटरचाही दाब राहत नाही. ती सुकते, आणि दोष मातीला किंवा रोपाला दिला जातो. पिंपाच्या तळापेक्षा उंच टांगलेल्या कुंडीला तर पिंप बरंच भरलेलं असतानाही पाणी मिळण्याची खात्री नाही. टांगत्या कुंड्या या व्यवस्थेत धरूच नयेत, त्यांना हातानेच पाणी द्यावं.

उंच्या मोजायला गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी सगळ्यात खात्रीची. नळीत पाणी भरा, बुडबुडे काढा, एक टोक पिंपाच्या नियोजित जागी आणि दुसरं कुंडीपाशी धरा. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीत थांबतं. गच्चीला उतार असतोच, आणि 10 मीटर लांबीत 10 सेंटिमीटरचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

आधी गच्ची, मग पिंप

भरलेलं 200 लिटरचं पिंप स्टँडसकट सव्वादोनशे किलोच्या पुढे जातं, आणि हे सगळं वजन चार पायांवर येतं. राहत्या इमारतींच्या गच्च्या साधारणपणे दर चौरस मीटरला 150 ते 200 किलो जादा भार धरून बांधलेल्या असतात. त्यामुळे पिंप गच्चीच्या मधोमध ठेवू नका. खालच्या मजल्यावर भिंत किंवा तुळई आहे तिथे, शक्यतो खांबाच्या जवळ ठेवा. बाल्कनी भिंतीतून बाहेर आलेली असते, तिथे 50 ते 60 लिटरचं पिंप पुरे. तेही कठड्याला नाही, घराच्या भिंतीला लागून. इमारत जुनी असेल, छताला तडे किंवा गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. इथे अंदाज चालत नाही.

मातीचं वजनही धरा. ओल्या मातीचा 30 सेंटिमीटर जाड थर दर चौरस मीटरला 500 किलोच्या घरात जातो. म्हणूनच गच्चीवर सलग वाफा घालण्यापेक्षा सुट्या कुंड्या आणि हलकं मिश्रण बरं.

गळतीची चाचणी कुंड्या मांडण्याआधीच घ्या, नंतर सगळं हलवणं होत नाही. पाणी जाण्याचं तोंड कापड आणि प्लास्टिकने बंद करा, गच्चीवर 2.5 ते 5 सेंटिमीटर पाणी उभं करा आणि 24 तास ठेवा. 5 सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 50 किलो, त्याहून जास्त भरू नका. उताराच्या गच्चीत खोल बाजूचं माप धरा. खालच्या खोलीचं छत, भिंतीचा वरचा कोपरा आणि पाइप जिथून जातो ती जागा बघा. ओल दिसली तर आधी वॉटरप्रूफिंग, मग बाग. पाणी सोडल्यावर कुठे डबकं उरतं तेही खडूने आखून ठेवा. त्या जागी कुंडी ठेवायची नाही.

कुंडीच्या आतलं पाणी

ठिबक कितीही नीट बसवलं तरी कुंडीतून पाणी नीट निघत नसेल तर मुळं कुजतात. कुंडीच्या तळाशी खडीचा थर घातला की निचरा सुधारतो, असं जवळजवळ सगळे सांगतात. प्रत्यक्षात उलटं होतं. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत लगेच उतरत नाही, वरची माती पुरती भिजून तुडुंब होईपर्यंत ते तिथेच अडून राहतं. साध्या कुंडीत हा चिंब थर अगदी तळाशी असतो. खडी घातली की तो खडीच्या जाडीइतका वर, म्हणजे नेमका मुळांत येतो. वर मातीची जागा गेली आणि वजन वाढलं ते वेगळंच. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर जाळीचा तुकडा किंवा उपडी खापरी पुरते. निचरा मातीच्या मिश्रणातून साधायचा.

मिश्रण मापाने, वजनाने नाही: एक भाग बागेची माती, एक भाग चाळलेलं कुजलेलं कंपोस्ट, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). माती चिकण असेल तर ती अर्धा भाग घ्या आणि उरलेला अर्धा भाग जाडसर वाळू किंवा परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे). कोकोपीटची वीट भिजवून पाणी दोनदा पिळून टाका, कारण त्यात क्षार असू शकतात आणि ते कोवळ्या मुळांना सोसत नाहीत. कुंडी काठापर्यंत भरू नका, वर 3 सेंटिमीटर मोकळे सोडा.

30 सेंटिमीटर व्यासाच्या निमुळत्या कुंडीत साधारण 15 लिटर मिश्रण मावतं. मिरची, वांगी, पुदिना यांना ती पुरते. टोमॅटोला 20 लिटरच्या खाली जाऊ नका. तळाला 10 ते 12 मिलिमीटरची किमान चार भोकं हवीत. बऱ्याच प्लास्टिकच्या कुंड्यांत भोकांच्या नुसत्या खुणा असतात, त्या उघडायच्या राहून जातात. प्रत्येक कुंडी विटेच्या किंवा फरशीच्या तुकड्यांवर 2 ते 3 सेंटिमीटर उचलून ठेवा. भोकं मोकळी राहतात, खालची गच्ची वाळते आणि मुळं फरशीच्या सांध्यात शिरत नाहीत.

सामान

24 कुंड्यांची बाग धरू: 8 टोमॅटोसारख्या तहानलेल्या, 16 साध्या. पहिल्या आठांना प्रत्येकी दोन ड्रिपर, बाकीच्यांना एकेक, म्हणजे 32 ड्रिपर.

200 लिटरचं घट्ट झाकणाचं पिंप लागेल, निळं किंवा काळं, उजेड आत न जाणारं. पांढुरक्या, उजेड जाणाऱ्या पिंपात शेवाळ धरतं आणि तेच पुढे ड्रिपरमध्ये अडकतं. आधी रसायन भरलेलं पिंप कितीही धुतलं तरी घेऊ नका. पाऊण इंची टँक निपल (पिंपाच्या भोकात बसणारा आट्याचा जोड) रबरी वायसरसह, पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह, 120 मेशचा जाळीचा फिल्टर, 16 मिलिमीटरची काळी लॅटरल (कुंड्यांजवळून जाणारी मुख्य नळी) 20 मीटर, एल्बो आणि टी गरजेप्रमाणे, एंड कॅप, 4 मिलिमीटरची मायक्रो ट्यूब (लॅटरलपासून ड्रिपरपर्यंतची बारीक नळी) 20 मीटर, तिचे 32 जोड, 32 ड्रिपर, ड्रिपर उभा धरायच्या काड्या, पंच (नळीला भोक पाडायचं हत्यार) आणि टेफ्लॉन टेप.

दोन वस्तू निवडताना घाई करू नका. पहिली म्हणजे ड्रिपर. दुकानात ‘प्रेशर कॉम्पेन्सेटिंग’ (दाब कमी-जास्त झाला तरी प्रवाह सारखा ठेवणारा) ड्रिपर चांगला म्हणून दिला जातो, आणि पंपावर तो चांगलाच आहे. पण त्याच्या आतल्या पडद्याला साधारण अर्धा बार किंवा अधिक दाब लागतो. पिंपाच्या दशांश बारावर तो एका कुंडीत टपकतो, दुसरीत कोरडा राहतो. आपल्याला साधा, उघडून साफ करता येणारा 4 लिटरचा ड्रिपर हवा. डोकं फिरवून कमी-जास्त करायचे ड्रिपरही टाळा: एक जरा जास्त उघडला की शेजारच्यांचं पाणी तोच ओढतो आणि रोज नव्याने जुळवत बसावं लागतं.

दुसरी वस्तू टायमर. नळाला लावायचे बहुतेक स्वस्त टायमर सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) व्हॉल्व्हचे असतात, त्यांनाही दाब लागतो. पिंपाला लावले तर घड्याळ चालतं पण पाणी येत नाही. आत मोटर असलेला, बॉल व्हॉल्व्ह फिरवणारा टायमर घ्या. खोक्यावर ‘0 बार’पासून चालतो असं लिहिलेलं असतं.

जोडणी

स्टँड लोखंडी अँगलचा, चारही बाजूंनी तिरप्या पट्ट्या मारलेला हवा. विटांचे सुटे थर रचून त्यावर पिंप ठेवणं धोक्याचं आहे, लहान मुलं असलेल्या घरात तर अजिबात नको. प्रत्येक पायाखाली रबराचा तुकडा आणि 15 × 15 सेंटिमीटरची दगडी फरशी ठेवा, म्हणजे पाय वॉटरप्रूफिंगच्या थरात रुतणार नाही. वाऱ्याच्या जागी स्टँड भिंतीला बांधा, कारण रिकामं पिंप सहज उडतं.

पिंपाला भोक तळापासून 5 सेंटिमीटर वर पाडा, म्हणजे गाळ खालीच राहतो. पाऊण इंची निपलचा आटा साधारण 26.5 मिलिमीटर जाड असतो, तेव्हा 27 मिलिमीटरचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) वापरा. भोकाच्या कडेचे प्लास्टिकचे तुसे ब्लेडने साफ करा. एवढ्याशा तुसामुळे वायसर बसत नाही आणि थेंब थेंब गळत राहतं. पिंपाची भिंत गोल असते, म्हणून जाड आणि मऊ वायसर आतल्या बाजूने बसवा. नट हाताने आवळून वर पान्याने फक्त अर्धा फेरा द्या. जास्त आवळलं की वायसर बाहेर सरकतं.

निपलनंतर बॉल व्हॉल्व्ह, मग टायमर, मग फिल्टर, मग लॅटरल, हा क्रम ठेवा. व्हॉल्व्ह आधी असला की पिंप रिकामं न करता फिल्टर धुता येतो. फिल्टरवरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे ना, ते बघा.

लॅटरल जमिनीवरूनच न्या, कुंड्यांच्या काठावरून नको. नळी ड्रिपरपेक्षा खाली असली की पाणी बंद केल्यावर ती भरलेलीच राहते. 20 मीटर लॅटरलमध्ये जवळजवळ 3 लिटर पाणी असतं. नळी वरून नेली तर ते सगळं दर वेळी सगळ्यात खालच्या दोन-तीन कुंड्यांत उतरतं आणि नेमकी तीच झाडं पिवळी पडतात.

काळी नळी उन्हात वाढते. 10 मीटर लांबी 30 अंशांच्या फरकाने 5 ते 6 सेंटिमीटर लांब होऊ शकते. ताणून बसवली तर रात्री आकसताना जोड निसटतो, म्हणून किंचित नागमोडी ठेवा. वाटेत वर-खाली उंचवटे करू नका. उंचवट्यात हवा अडकते आणि एवढ्या कमी दाबाला ती ढकलता येत नाही. जोडणीआधी नळी तासभर उन्हात पसरा, मऊ होते. तरी फिटिंग जात नसेल तर टोक गरम पाण्यात बुडवा. ज्योतीवर धरू नका आणि तेलही लावू नका.

एंड कॅप लावण्यापूर्वी पाणी सोडा आणि टोकातून पाच मिनिटं वाहू द्या. पंच करताना पडलेले प्लास्टिकचे कण आणि हवा निघून जाते. मगच टोक बंद करा. पंच सरळ, नळीला काटकोनात धरा. तिरपं भोक गळतं. चुकीच्या जागी भोक पडलं तर बुजवायची गुल्ली मिळते, चिकटपट्टी टिकत नाही.

मायक्रो ट्यूब अर्ध्या मीटरपर्यंत ठेवा. ड्रिपर काडीवर, मातीपासून 2 सेंटिमीटर वर, खोड आणि काठ यांच्या मध्ये बसवा. मातीत पुरलेला ड्रिपर पाणी बंद होताना चिखल आत ओढतो आणि बुजतो. खोडाला चिकटवलेला ड्रिपर खोड कुजवतो. दोन ड्रिपर असतील तर समोरासमोर लावा.

पायऱ्यांच्या स्टँडवरच्या कुंड्यांना टी लावून वेगळी लॅटरल आणि वेगळा व्हॉल्व्ह द्या. वरच्या ओळीला जास्त वेळ चालवता येतं. वेगळी ओळ नको असेल तर वरच्या कुंड्यांना एकाऐवजी दोन ड्रिपर लावून बरंचसं भागतं.

किती वेळ चालवायचं

सगळे ड्रिपर लावून झाले की पिंप अर्धं भरा. एकाच आकाराचे पेले पहिल्या, मधल्या, शेवटच्या आणि सगळ्यात उंच कुंडीच्या ड्रिपरखाली ठेवून 10 मिनिटं पाणी सोडा आणि मोजा. वरच्या हिशोबाने खालच्या कुंड्यांपाशी साधारण 220 मिलिलिटर मिळायला हवं, वरच्या पायरीवर दीडशेच्या आसपास. पाच-दहा मिलिलिटरचा फरक सोडून द्या. एखाद्या पेल्यात निम्मंच असेल तर तिथली उंची, हवा किंवा कचरा तपासा. 16 मिलिमीटरच्या नळीत एवढ्या थोड्या प्रवाहाला 20 मीटरमध्ये दोन-तीन सेंटिमीटरचाच दाब जातो, त्यामुळे नळीच्या लांबीला दोष देण्यात अर्थ नाही.

उन्हाळ्यात 15 लिटरच्या साध्या कुंडीला दिवसाला पाऊण ते एक लिटर आणि वाढलेल्या टोमॅटोला पावणेदोन ते दोन लिटर धरून सुरुवात करा. आपल्या बागेत 40 मिनिटांत एका ड्रिपरमधून 0.9 लिटर, दोनांतून पावणेदोन लिटर पडतं. सगळ्या मिळून दिवसाला 28 लिटर. पिंपातलं वापरता येण्याजोगं पाणी 180 लिटरच्या आसपास, म्हणजे सहा दिवस. पण तळाकडे प्रवाह कमी होतो, त्यामुळे चौथ्या दिवशी भरलेलं बरं.

40 मिनिटं एकदम न देता पहाटे 20 आणि संध्याकाळी 20 असं विभागा. दुपारी नको, उन्हातल्या काळ्या नळीतलं पाणी मुळांना पोळेल इतकं तापतं. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी धरत नाही, कडेने सरळ खाली जातं. अशी कुंडी दोन तास पाण्याच्या टबात बसवून भिजवा, मगच ठिबकला लावा. मातीवर 3 ते 5 सेंटिमीटर वाळल्या पानांचं आच्छादन घाला, खोडाभोवती दोन बोटं जागा सोडून. पाणी पुरतंय का, हे वरच्या मातीवरून ठरवू नका. ठिबकमध्ये वरचा थर बहुतेक कोरडाच दिसतो. बोट 5 सेंटिमीटर आत घाला, किंवा कुंडी किंचित कलंडवून वजन बघा.

पिंप नळाने भरताना नळाचं किंवा पाइपचं तोंड पाण्यात बुडू देऊ नका, काठाच्या 5 सेंटिमीटर वर ठेवा. नाहीतर नळाचा दाब गेला की पिंपातलं पाणी पिण्याच्या लाइनीत ओढलं जाऊ शकतं. झाकणाला हवेसाठी एक छोटं भोक हवं, नाहीतर आत पोकळी होऊन प्रवाह थांबतो. त्या भोकाला बारीक जाळी लावा, डासांसाठी.

बिघाड आणि त्याचं कारण

सगळीकडेच पाणी कमी झालं असेल तर आधी फिल्टर. तो आठवड्याला धुवायचाच. मग झाकणाचं भोक. एकाच कुंडीत थांबलं असेल तर ड्रिपर उघडून बघा. हिरवट बुळबुळीत काही निघालं तर पिंपात उजेड जातोय. पांढरी कडक पूड असेल तर ते पाण्यातले क्षार आहेत. असे ड्रिपर रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवले की सुटतात. तारेने किंवा सुईने कोरू नका, भोक मोठं होतं आणि त्या कुंडीचा हिशोब कायमचा बिघडतो. पंधरा दिवसांतून एकदा एंड कॅप काढून दोन मिनिटं पाणी वाहू द्या.

मातीवर पांढरी कड दिसू लागली तर क्षार कुंडीतच साठतायत. ठिबकचं थोडं पाणी ते धुऊन खाली नेत नाही. महिन्यातून एकदा हाताने, कुंडीच्या दुप्पट आकारमानाचं साधं पाणी सावकाश ओतून निथळू द्या. आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी पिंपात भरत असाल तर हे जास्त लवकर घडतं, ते किमान निम्म्या साध्या पाण्यात मिसळा. साबणाचं पाणी या व्यवस्थेत नको. खतही पिंपात कालवू नका, कितीही गाळलेलं असलं तरी. शेणखताचं किंवा कंपोस्टचं पाणी ड्रिपर आठवड्यात बुजवतं. ते झारीनेच द्या.

पाणी बंद असूनही एखादी कुंडी ओलीच राहत असेल तर टायमरचा व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीये, बहुधा वाळूचा कण अडकला असेल किंवा बॅटरी उतरली असेल. गावाला जाण्याआधी नवी बॅटरी घाला, पिंप काठोकाठ भरा आणि घरात असतानाच तीन दिवस अजिबात हात न लावता सगळं चालू द्या. तिसऱ्या दिवशी पिंपातली पातळी मोजा. 28 लिटरच्या हिशोबाने ती साधारण 35 सेंटिमीटर उतरलेली हवी. 50 उतरली असेल तर कुठेतरी गळतंय. 20 च उतरली असेल तर कुठेतरी तुंबलंय. दोन्हींचा शोध जाण्याआधी घ्या.